ओकवृक्षाखालचा शब्द: माँटिसेलोच्या दफनभूमीची वाटचाल

व्हर्जिनियातील माँटिसेलोच्या टेकडीवर एका ओकवृक्षाखाली, नंतर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफरसन आणि डॅबनी कार हे दोन मित्र वाचत बसत. जो आधी जाईल त्याला दुसऱ्याने इथेच पुरायचे, असा शब्द त्यांनी एकमेकांना दिला होता. पुढे जेफरसनचा मेहुणा झालेला कार 1773 साली तिशीच्या आतच वारला. जेफरसन तेव्हा परगावी होता आणि दफन जेफरसनच्या जन्मस्थानी, शॅडवेलला उरकले होते. परतल्यावर त्याने मित्राला तिथून माँटिसेलोवर आणले. कुटुंबाची दफनभूमी अशी सुरू झाली.

त्या दिवसांतली जेफरसनच्या वहीतली एक नोंद मनातून जात नाही. दोन मजुरांनी 80 फूट चौरस जागा साडेतीन तासांत खणून साफ केली. त्यावरून एका माणसाला एक एकर साफ करायला किती दिवस लागतील, हा हिशेब त्याने मांडला आहे. मजुरांची नावे नोंदीत नाहीत.

1782 मध्ये पत्नी मार्था इथे विसावली आणि 4 जुलै 1826 रोजी गेलेला जेफरसनही. दगडाच्या मोलापायी कोणी स्मारक फोडू नये म्हणून ते ओबडधोबड दगडाचे असावे, असे त्याने लिहून ठेवले होते. लोकांनी मात्र आठवण म्हणून त्याचेच टवके काढून नेले. शेवटी अमेरिकन काँग्रेसने 1882 मध्ये पैसे मंजूर केले, 1883 साली नवा स्तंभ उभा राहिला आणि जुना मिसुरी विद्यापीठाला मिळाला.

1831 मध्ये जेफरसनची माँटिसेलो ही इस्टेट विकली गेली, पण दफनभूमी कुटुंबाकडेच राहिली. 1913 साली वंशजांनी माँटिसेलो असोसिएशन स्थापून तिची देखभाल हाती घेतली. सभासदाला इथे पुरले जाण्याचा हक्क असतो, म्हणून सभासद कोण हा प्रश्न साधा नाही. जेफरसनच्या गुलामगिरीत असलेल्या सॅली हेमिंग्जच्या वंशजांचा आपण जेफरसनचेही वंशज असल्याचा दावा होता; त्याला 1998 च्या डीएनए चाचणीने बळ दिले. तरी 2002 मध्ये असोसिएशनने त्यांना सभासदत्व नाकारले. हा निर्णय मला अन्यायाचा वाटतो. नात्याचा पुरावा कागदावर मागायचा, तर ज्यांना कागदावर आडनावही मिळू दिले नाही त्यांनी तो आणायचा कुठून?

2001 साली याच इस्टेटीत, पर्यटकांच्या वाहनतळाला लागून, पुरातत्त्वज्ञांना गुलामांची दफनभूमी सापडली. तिथे 40 हून अधिक थडगी आहेत. नाव कोरलेला दगड एकाही थडग्यावर नाही.