आगकाड्यांची मौज

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या यवतमाळकडे तान्हा पोळा भरतो. चाकांवरचा लाकडी बैल सजवून पोरे तो दोरीने ओढत नेतात. दोरी सुटली, की बैल जागच्या जागी उभा. बाहेरून जोर लागल्याशिवाय अचल वस्तू हलत नाही, हा न्यूटनचा नियम पोरांना पुस्तकाआधी ती दोरीच शिकवते. पण हाच बैल पडद्यावर दोरीवाचून चालू लागला तर? कार्टूनच्या दुनियेत असे रोज घडते. ही करामत आपल्याकडे कशी आली, ते पाहू.

दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरचा. त्यांना चित्रपट काढायचा होता. पण कधी न पाहिलेल्या धंद्याला पैसा कोण देणार? नुसत्या बोलण्यावर कर्ज मिळत नाही. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र टिपले. पडद्यावर ते रोप पाहता पाहता वाढले! पाहणाऱ्यांतल्या काहींची खात्री पटली आणि कर्ज मिळाले. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

यातले गणित सोपे आहे. त्या काळी पडद्यावर सेकंदाला सुमारे १६ चित्रे सरकत. समजा, आपण तासाला एक चित्र घेतले. दिवसाची झाली २४, म्हणजे दीड सेकंद. महिन्याची ७२०, म्हणजे अवघी ४५ सेकंद. रोपाने वाढीचा नियम मोडला नाही. काळ तेवढा आखडला.

मग पहिले महायुद्ध आले आणि मोठ्या चित्रपटाला पैसा मिळेना. १९१५ साली फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा पट काढला. नटही नकोत आणि कपडेपटही नको. काम सगळे काड्यांचे. फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ सालीच असा काड्यांचा खेळ केला होता. रीत अशी : काडी किंचित सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, एक चित्र टिपायचे, पुन्हा सरकवायची, पुन्हा टिपायचे. पडद्यावर काडी आपोआप नाचते. आता सांगा, न्यूटन हरला का? मुळीच नाही. प्रत्येक वेळी काडीला बोटाचा धक्का लागलाच होता. फक्त तो क्षण चित्रात नाही. फाळके ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचेही प्रयोग करीत. प्रेक्षकाची नजर कुठे नाही, हे जादूगाराला बरोबर ठाऊक असते.

ही वाट पुढे चालू राहिली. १९३४ साली प्रभातने ‘जंबुकाका’ काढला. १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला आणि डिस्नेकडचे क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले. या कलेतला एक धडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. चेंडू जमिनीवर आपटला, की तो चपटा काढायचा. पण जेवढा चपटा, तेवढाच रुंद. तसे न केले, तर चेंडू दबल्यासारखा न वाटता लहान झाल्यासारखा वाटतो. म्हणजे नियम वाकवायलाही नियम पाळावा लागतो!

एकदा वर्गात एक विद्यार्थी मला म्हणाला, “सर, कार्टूनमधलं मांजर कड्यावरून पुढे जाते, पण खाली पाहत नाही तोवर पडतच नाही न!” सगळा वर्ग हसला. का हसला? मांजर पडायला हवे, हे प्रत्येकाला माहीत होते म्हणून. ज्याला पडणे ठाऊक नाही, त्याला ही गंमत कळायची नाही.

कार्टून आपली लबाडी लपवीत नाही. परंतु आज तीच युक्ती खऱ्याचा मुखवटा घालून येते. पांढरकवड्याकडे वाघाचे भय खरे आहे. उद्या कोणी मोबाइलवर बनावट वाघ शिवारात फिरवला, तर ऐन कापूसवेचणीत बायामाणसे घरी बसतील आणि बोंडे झाडावरच राहतील. म्हणून मुलांबरोबर कार्टून जरूर पाहा, मनसोक्त हसा. आणि हसून झाल्यावर त्यांना एवढेच विचारा : बाळांनो, या दोन चित्रांच्या मध्ये कोणाचा हात येऊन गेला?