मळ्यातला मुक्काम

थंडी पडली की आमच्या चोपड्याकडे मळ्यात भरिताचा बेत ठरतो. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी आणि पाहुण्याला आग्रह. गेल्या हिवाळ्यात अशाच पंगतीत एका शेतकरी मित्रानं विचारलं, ‘‘भाऊ, मळ्यात दोन तंबू टाकून शहरातल्या लोकांना भाड्यानं द्यावेत म्हणतो. कर्जाचा हप्ता तरी निघेल. पण पाहुण्याकडून पैसे घेणं बरं दिसेल का?’’

मी त्याला आपल्याच जिल्ह्यातल्या फैजपूरची गोष्ट सांगितली. डिसेंबर १९३६ मध्ये तिथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. अध्यक्ष होते पंडित नेहरू. गावशिवारात टिळकनगर वसलं. खेड्यात मिळेल तेच सामान वापरा, हा गांधीजींचा आग्रह. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या वस्तूंतून ते नगर सजवलं. देशभरचे पुढारी तिथं मुक्कामाला आले आणि चर्चा झाली ती शेतसारा, खंड आणि शेतकऱ्याच्या कर्जाची!

इंग्लंडात तर शेतात तंबू टाकू देणं हा शेतकऱ्याचा जोडधंदाच आहे. २०२३ पासून तिथं वर्षातले ६० दिवस, ५० तंबूंपर्यंत, नियोजन खात्याकडे वेगळा अर्ज करावा लागत नाही. आपल्या राज्यानंही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं.

शेवटी मी मित्राला एवढंच म्हटलं, ‘‘तंबूचे पैसे खुशाल घे. त्यात कमीपणा कसला? भरिताचा आग्रह मात्र बिनपैशांचाच राहू दे.’’