मिटवलेला व्हॉल्यूम आणि आठ-अ चा उतारा

जून 2020 मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून कारण सांगितलं: खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया सूक्ष्मजीव. समजा, त्या महिन्यातली तुमची मोजमापं विभागाच्या सर्व्हरवर आहेत आणि कुणीतरी तो लॉजिकल व्हॉल्यूमच काढून टाकला. ते पाणी पुन्हा मोजता येणार नाही. मग हाती काय उरतं? ते कळायला थोडा इतिहास बघावा लागतो.

1983 च्या पीसी-डॉस 2.0 पासून हार्ड डिस्कचे ठरावीक तुकडे पाडायची रीत रुळली. मुख्य नोंदी चारच. एक तुकडा भरला की शेजारचा रिकामा असूनही कामाचा नाही. मोठ्या यंत्रांना हे परवडत नव्हतं. आयबीएमने 1990 मध्ये एआयएक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर दिला, एचपी-यूएक्सनेही आपला आणला. त्या एचपीच्या धर्तीवर हाइन्झ माउएल्सहागेन यांनी 1998 मध्ये लिनक्ससाठी एलव्हीएम लिहिला.

बुलढाण्यात वाढलेल्याला हे लगेच समजेल. एकाच खातेदाराचे गट गावात चार ठिकाणी विखुरलेले असतात, पण आठ-अ वर ते एका खात्यात दिसतात. व्हॉल्यूम ग्रुप म्हणजे ते खातं. खाली जमीन म्हणजे डिस्क, सहसा 4 एमबीच्या तुकड्यांत मोजलेली. कोणता तुकडा कुणाचा, ही नोंद म्हणजे मेटाडेटा.

माझ्या मते खरं वळण आलं ते एलव्हीएम2 मध्ये. आधीची नोंद बायनरी होती. आता ती साध्या, वाचता येणाऱ्या मजकुरात आली. प्रत्येक बदलाआधीची प्रत 'ईटीसी'खालच्या 'एलव्हीएम/आर्काइव्ह' फोल्डरमध्ये पडते, आणि त्या फाइलच्या डोक्यावर वेळ आणि कोणत्या आदेशाआधी ती बनली हेही लिहिलेलं असतं. (दफ्तरखान्यात असे तारीखवार कागद मिळाले असते तर आपल्यापैकी कितीजणांची वर्षं वाचली असती!)

म्हणून व्हॉल्यूम गेला तर आधी सर्व्हरवर नवं काही बनवू नका. उतारा फाटला तरी शेत जागेवरच असतं; नासाडी होते ती दुसऱ्याने पेरणी केल्यावर. आर्काइव्हमधली नेमकी फाइल शोधा, 'व्हीजीसीएफजीरिस्टोअर' आधी '--टेस्ट' लावून चालवा, मग खरोखर चालवा. व्हॉल्यूम सुरू करा आणि फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती जोडून बघा.

मात्र यातून परत येतो तो नकाशा, डेटा नव्हे. काढून टाकताना डिस्कला 'डिस्कार्ड'चा इशारा गेला असेल, एसएसडीवर विशेषतः, तर नकाशा बरोबर असूनही खाली काही सापडणार नाही. आणि ते आर्काइव्ह बहुतेक वेळा त्याच सर्व्हरच्या मुळाशी असतं. डिस्कच गेली तर तेही गेलं. ती फाइल अवघ्या काही केबींची असते. आज दुसऱ्या यंत्रावर उतरवून ठेवा.