चिलखती मुसंडी आणि नकाशाचा आकार : युद्धखेळ व हैदराबाद पोलीस कारवाई (१९४८) यांच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

युद्धाचा इतिहास शिकविताना नकाशा अपरिहार्य असतो. परंतु तो किती मोठा असावा, याचा विचार क्वचितच केला जातो. युद्धखेळ रचणाऱ्यांना मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. प्रशियन अधिकारी राइसवित्झ यांनी १८२४ मध्ये लष्करी प्रशिक्षणासाठी जो खेळ सिद्ध केला, त्यासाठी त्यांनी १:८००० या प्रमाणाचा नकाशा वापरला. १९७० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'पँझरब्लिट्झ' या रणगाड्यांच्या पटखेळात एक षट्कोनी घर २५० मीटर भूमी दर्शविते. २०१६ मधील 'हार्ट्स ऑफ आयर्न ४' या संगणकीय खेळात तर संपूर्ण जग एकाच नकाशावर मांडलेले आहे.

सोलापूर ते हैदराबाद हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. राइसवित्झच्या प्रमाणाने ते दाखवावयाचे झाल्यास साडेसदतीस मीटर लांबीचा कागद लागेल. पँझरब्लिट्झच्या प्रमाणाने १२०० घरे लागतील. जागतिक नकाशावर हेच अंतर बोटभरही भरत नाही. पहिल्या प्रकारात नदीवरील पूल दिसतो, पण राजधानी दिसत नाही. शेवटच्या प्रकारात राजधानी दिसते, पण पूल दिसत नाही. चिलखती मुसंडीचे आकलन या निवडीवर कसे अवलंबून असते, हे प्रस्तुत लेखात मराठवाड्याच्या इतिहासाच्या आधारे तपासले आहे.

मुसंडीचे टप्पे

चिलखती मुसंडीत तीन टप्पे येतात. प्रथम शत्रूची फळी एका अरुंद जागी भेदली जाते. नंतर वेगवान तुकड्या त्या खिंडारातून खोलवर शिरतात. आणि शेवटी मागून येणारे पायदळ व पुरवठादल जिंकलेला प्रदेश सांभाळते. लहान नकाशावर खेळ पहिल्या टप्प्यातच संपतो, कारण फळी फुटताच नकाशाची कड येते. मोठ्या नकाशावर दुसरा टप्पा दिसू लागतो. तेथे इंधन, रस्ते आणि पूल यांना तोफांइतकेच महत्त्व येते. तिसरा टप्पा मात्र बहुतेक खेळांत केवळ नकाशाचा रंग बदलून दाखविला जातो.

हैदराबाद, सप्टेंबर १९४८

'ऑपरेशन पोलो'ची मूळ आखणी लेफ्टनंट जनरल गॉडर्ड यांची होती. तीनुसार पश्चिमेकडून सोलापूर आणि पूर्वेकडून विजयवाडा अशा दोन प्रमुख दिशांनी चढाई व्हावयाची होती, तर इतर सीमांवरील तुकड्यांनी निजामाचे सैन्य गुंतवून ठेवावयाचे होते. दक्षिण कमांडचे प्रमुख राजेंद्रसिंहजी यांच्या नेतृत्वाखाली ही कारवाई झाली. सोलापूर बाजूचे सेनापती मेजर जनरल जे. एन. चौधरी होते. त्यांच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनने १३ सप्टेंबर रोजी नळदुर्ग घेतले, बोरी नदीवरील पूल शाबूत हस्तगत केला आणि त्याच दिवशी उमरगा गाठले. १४ तारखेस मेजर जनरल ब्रार यांच्या तुकड्यांपुढे औरंगाबाद शहराने शरणागती पत्करली. जालन्यात मात्र चिवट प्रतिकार झाला. १७ तारखेस निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि १८ तारखेस त्यांचे सेनापती एल इद्रूस यांनी चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली.

या वेगाचे श्रेय केवळ रणगाड्यांना देता येत नाही. सुमारे सव्वादोन लाख चौरस किलोमीटर क्षेत्राच्या संस्थानाची सीमा राखण्यास निजामाचे प्रशिक्षित सैन्य अपुरे होते. शिवाय हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सीमेवरील कॅम्पांनी नाकी आणि ठाणी यांवर हल्ले करून ती सीमा आधीच खिळखिळी केली होती. भूमी विस्तीर्ण आणि रक्षक विरळ, अशी ही स्थिती होती. पावसाळ्यात काळ्या मातीत जड वाहनांना रस्ता सोडणे अवघड असते. म्हणूनच बोरीवरच्या एका पुलाला एवढे मोल आले.

फिल्लोरा आणि चाविंडा, १९६५

सप्टेंबर १९६५ मध्ये हीच पहिली चिलखती डिव्हिजन सियालकोट क्षेत्रात उतरली, तेव्हा चौधरी भूदलप्रमुख होते. ११ सप्टेंबर रोजी फिल्लोरा जिंकले गेले. चाविंडा मात्र अखेरपर्यंत हाती आले नाही. एकेकाळी हैदराबाद संस्थानच्या सैन्यात सेवा केलेले आणि पुढे पूना हॉर्सचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल तारापोर यांना या लढाईत वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. डिव्हिजन तीच असूनही १९४८ चा वेग येथे दिसला नाही. अरुंद क्षेत्रात दोन्ही बाजूंचे रणगाडे दाटीने उभे होते. त्यामुळे मुसंडीला दुसऱ्या टप्प्यात शिरताच आले नाही. यावरून नकाशाच्या निव्वळ आकारापेक्षा भूमी आणि सैन्यबळ यांचे परस्पर प्रमाण निर्णायक ठरते, असे म्हणता येते.

नकाशावर न उमटलेला टप्पा

हैदराबाद कारवाईचे जे बाणांकित नकाशे पाठ्यपुस्तकांत असतात, ते १७ किंवा १८ सप्टेंबरला थांबतात. बाणांच्या मागे राहिलेल्या गावांचे काय झाले, हे त्यांतून कळत नाही. कारवाईपूर्वी रझाकारांच्या अत्याचारांनी प्रजा होरपळली होती. कारवाईनंतर अनेक गावांत मुस्लिम रहिवाशांवर सूड उगविण्यात आला. केंद्र शासनाने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानचा दौरा केला. तिने मृतांचा आकडा किमान २७,००० ते ४०,००० असा अंदाजिला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे जिल्हे सर्वाधिक पीडित असल्याचे नमूद केले. काही ठिकाणी सैनिक व पोलीस यांच्या सहभागाचीही तिने नोंद केली. हे अंदाज वादग्रस्त ठरले आणि अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. उस्मानाबादसारखा जिल्हा सोलापूर आघाडीच्या लगतचा होता, ही बाब लक्षणीय आहे. राजधानीच्या दिशेने धावणाऱ्या सैन्याच्या गतीचे यश आणि मागील प्रदेशातील नागरिकांची असुरक्षितता या दोन्ही गोष्टी एकाच कारवाईच्या अंगभूत आहेत.

निष्कर्ष

१) लहान नकाशा भेदाचे आणि मोठा नकाशा खोलवर मुसंडीचे आकलन देतो; एकच नकाशा दोहोंना पुरेसा नाही.

२) १९४८ आणि १९६५ यांच्या तुलनेतून भूमी व सैन्यबळ यांचे प्रमाण हा मुसंडीच्या यशाचा महत्त्वाचा निकष ठरतो.

३) युद्धखेळाचा अध्यापनात उपयोग करताना त्याचा नकाशा कोठे संपतो, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे.

मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा अभ्यास १७ सप्टेंबरपर्यंत न थांबविता तालुका आणि गाव पातळीपर्यंत नेल्यास त्या विजयाचे मोल कमी होत नाही. त्या विजयानंतर नागरिकांच्या रक्षणाची जी जबाबदारी शासनावर आली, तिचे मोजमाप मात्र त्यातूनच करता येते.