अनपेक्षित वेगवाढ

चालकाची इच्छा नसताना मोटारीचा वेग अचानक वाढणे आणि त्याच वेळी ब्रेक लागत नसल्याचे जाणवणे, या घटनेस अनपेक्षित वेगवाढ म्हणतात. ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारींत, विशेषतः थांबलेली गाडी हलवताना, अशा तक्रारी अधिक आढळतात.

ऑडी ५००० प्रकरण

१९८० च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० या मोटारीविषयी अशा अनेक तक्रारी आल्या. नोव्हेंबर १९८६ मध्ये सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात तिचे ॲक्सिलरेटर पेडल आपोआप खाली जाताना दाखवले गेले. त्यासाठी गिअरपेटीत बाहेरून दाबाखालील हवा सोडली होती, हे नंतर उघड झाले; तोवर मोटारीचा खप कोसळला होता. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने १९८९ च्या अहवालात, यांत्रिक दोष न सापडलेल्या घटनांचे सर्वाधिक संभाव्य कारण ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाणे हे असल्याचे म्हटले. इंजिनाच्या बिघाडाने गाडीस हिसका बसून चालक गोंधळला असण्याची शक्यताही त्यात नोंदवली आहे. ब्रेक दाबल्याशिवाय गिअर ‘पार्क’मधून न हलू देणारी रचना ऑडीने बसवली व पुढे ती इतरत्रही रूढ झाली.

चुकीच्या पेडलवर पाय असलेल्या चालकास आपण ब्रेकच दाबत आहोत अशी खात्री असते. गाडी थांबेना म्हणून तो पाय आणखी रेटतो आणि वेग आणखी वाढतो. त्याची साक्ष त्यामुळे चुकीची असली, तरी बहुधा खोटी नसते.

वाहनातील दोष

दोष नेहमी चालकाचाच नसतो. ऑगस्ट २००९ मध्ये सॅन दिएगोजवळ एका लेक्सस मोटारीत चुकीच्या मापाची चटई ॲक्सिलरेटरमध्ये अडकून चौघांचा मृत्यू झाला. नासाच्या तपासणीत २०११ मध्ये अशा वेगवाढीस कारण ठरेल असा इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नाही. मात्र चटया व अडकणाऱ्या पेडलांबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्यावरून टोयोटा कंपनीस २०१४ मध्ये १२० कोटी डॉलर भरावे लागले.

चालकाचे उत्तरदायित्व

सुस्थितीतील ब्रेक जोराने दाबल्यास इंजिनावर मात करू शकतात. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा असताना ब्रेक पुनःपुन्हा दाबून सोडल्यास त्यास मिळणारे निर्वात साहाय्य संपते व पेडल जड होते. म्हणून तो एकदाच दाबून धरावा, गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी आणि ती थांबल्यावरच इंजिन बंद करावे.

एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या मोटारीखाली आई व तिची लहान मुलगी ठार झाल्या. मोटारीत बिघाड होता हा त्याचा दावा न्यायालयाने फेटाळला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्यास ५ वर्षांची कारावासाची शिक्षा दिली.