किल्लारी: नकाशातला झोन आणि घराची भिंत

भूकंपाच्या धोक्याबद्दल लोकांशी कसं बोलावं, यावर संशोधन करायचंय? मग आधी किल्लारी वाचा. तिथली जमीन ऑक्टोबर १९९२ मध्येही हादरली होती. पण तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३.५६ वाजता भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. जवळपास १० हजार जीव गेले. पुढे नकाशा बदलला, हा भाग झोन ३ मध्ये आला. पण ‘कमी धोका’ म्हणजे ‘धोका नाही’ असं नव्हे, हे गावात कसं सांगणार? मला वाटतं, झोनपासून नको, घरापासून सुरुवात करा: ही भिंत हादरा सोसेल का?