हॅनिबल कुणी पाडलं?

आमच्या आजोळी दुसऱ्या महायुद्धाच्या गोष्टी निघाल्या की हिटलर-चर्चिल बाजूला राहत आणि एका विमानावरून भांडण जुंपे. विमानाचं नाव हॅनिबल. आजोबा ठासून सांगत, ते जर्मनांनी पाडलं. आजी म्हणे, "कुणी पाडायला आलं नव्हतं. थकलेल्या जिवाला लढाईच्या कामाला लावलं, दुसरं काय होणार?" मग आजोबा पानाचा डबा पुढे ओढत आणि विषय बदलत. दोघंही गेली, तरी मामालोकांत त्यावरून अजून दोन तट आहेत.

आजोबा कराचीच्या टपाल कचेरीत सॉर्टर होते. रत्नागिरीकडची माणसं तेव्हा जशी मुंबईला जात, तशी थोडी पुढे कराचीलाही जात. परदेशी गेल्यासारखं त्यांना वाटत नसे, कारण १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. बंदर रोडवरची नामांकित शाळाही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची होती. आजीचा संसार तिथेच सुरू झाला. फाळणीनंतर ही मंडळी बोटीनं मुंबईला आली ती चार ट्रंका आणि या गोष्टी घेऊन.

कराची हे त्या काळात हिंदुस्थानचं हवाई दार होतं. लंडन ते कराची ही इम्पीरियल एअरवेजची सेवा ३० मार्च १९२९ रोजी सुरू झाली. वाटेत युरोपातला काही टप्पा रेल्वेनं करावा लागे, तरी सात दिवसांत टपाल पोचे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी द्रिघ रोडच्या धावपट्टीवरून लहानसं पस मॉथ विमान उडवलं आणि विलायती टपाल अहमदाबादमार्गे जुहूला आणलं. त्या पहिल्या पिशव्यांना आपला हात लागला होता, असं आजोबा सांगत, आणि घरात त्यावर कुणी शंका घ्यायची नाही असा दंडक होता.

आजीची आठवण वेगळी. सुट्टीच्या दिवशी बिऱ्हाडातल्या बायका मिळून विमानतळाच्या बाजूला फिरायला जात. लांबून आधी दिसायचा तो 'काला छपरा'. आर-१०१ या अजस्र हवाई जहाजासाठी बांधलेली ही शेड. ते जहाज ५ ऑक्टोबर १९३० रोजी कराचीला येत असताना फ्रान्समध्येच कोसळलं आणि छपरा रिकामा राहिला. "मांडव घातला आणि नवरी वाटेतच गेली," असं आजी म्हणायची. त्या छपऱ्याच्या पार्श्वभूमीवर कधीतरी हॅनिबल किंवा त्याचं एखादं भावंड उतरताना दिसे. "इतकं सावकाश, की वाटायचं, पायी चालत येतंय," हे तिचं वर्णन.

त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. हँडले पेज कंपनीनं बांधलेलं हे एच. पी. ४२ जातीचं, दोन मजली पंखांचं विमान. वरच्या पंखाची लांबी १३० फूट, आणि पंखांचा एकूण पसारा जवळजवळ ३,००० चौरस फूट. चार इंजिनं, दोन वर आणि दोन खाली. हवेतला वेग ताशी १०० मैलांच्या आसपास. एवढे खांब आणि आडवे-तिडवे दांडे पाहून, या विमानात समोरचा वारा कारखान्यातूनच बसवून येतो, असा टोला डच विमानकर्ता अँथनी फोकर यानं मारल्याचं सांगतात. आत मात्र थाट होता. रेल्वेच्या पहिल्या वर्गासारख्या खोल्या एक पुढे आणि एक मागे, मध्ये इंजिनांच्या रेषेत स्वयंपाकाची जागा, सामान आणि टपाल, म्हणजे आवाजाचा त्रास पिशव्यांना, प्रवाशांना कमी. वाढपी बसल्या जागी गरम जेवण देत.

पहिलं विमान १४ नोव्हेंबर १९३० ला उडालं, आणि एकूण आठ बांधली गेली. सगळी नावं 'ह'ची: हॅनिबल, हॅड्रियन, हॅनो आणि हॉर्सा ही चार पूर्वेकडच्या मार्गासाठी, हेराक्लीस, होरेशियस, हेंगिस्ट आणि हेलेना ही युरोपसाठी. कैरोहून निघालेलं विमान गाझा, इराकच्या वाळवंटातला रुतबा किल्ला, बगदाद, बसरा, बहारीन, शारजा असे मुक्काम करत कराची गाठी. ऑगस्ट १९३६ मध्ये हॉर्सा रात्री बहारीन चुकून पुढे गेलं आणि वाळवंटात उतरलं. शोधायला गेलेल्या विमानांना ते सापडलं तेव्हा आतली माणसं सुखरूप होती. हेराक्लीसनं १९३७ पर्यंत दहा लाख मैल पुरे केले होते. युद्धापूर्वीच्या आठ वर्षांत या ताफ्यातला एकही प्रवासी दगावला नाही. विसाव्या शतकाच्या त्या तिशीत ही साधी गोष्ट नव्हती.

याचं श्रेय त्या सावकाशपणाला आणि मोठ्या पंखांना जातं. ताशी ५० मैलांच्या आसपास हे विमान जमिनीला टेकू शके. इंजिन बंद पडलं तर एखादं शेत, माळ, वाळूचा पट्टा पुरे. १९३१ च्या ऑगस्टमध्ये खुद्द हॅनिबलवर इंग्लंडमधल्या केंट परगण्यात असा प्रसंग आला. विमानाची मोडतोड झाली, माणसाला खरचटलंही नाही.

याच गुणानं पुढे घात केला. मोठा पंख आणि कमी वेगात उडण्याची सवय, म्हणजे साधारण तेवढ्याच वाऱ्यात जागच्या जागी उचललं जाण्याची भीती. असं विमान हँगरमध्येच ठेवायला हवं. शांततेत युरोपच्या मार्गावरची विमानं लंडनजवळच्या क्रॉयडनच्या हँगरमध्ये राहत होती. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि लंडनजवळ विमानं ठेवणं धोक्याचं म्हणून इंग्लंडमधला ताफा ब्रिस्टलजवळच्या व्हिटचर्चला हलवला गेला. विमानं सरकारच्या हुकमात आली आणि लष्कराची माणसं नि सामान फ्रान्सला पोचवू लागली. जेवणाची टेबलं गेली, पेट्या आल्या. रात्री दोरांनी बांधून उघड्यावर उभं राहणं आलं.

युद्ध सुरू झालं तेव्हा आठांतली सात उरली होती. हेंगिस्ट ३१ मे १९३७ रोजी कराचीतच हँगरच्या आगीत जळलं होतं. ही आग आजीनं धुराच्या रूपात पाहिली होती, आणि त्या दिवशी आजोबा रात्रभर घरी आले नाहीत, एवढंच ती सांगायची.

मग एकेक विमान जाऊ लागलं. ७ नोव्हेंबर १९३९ ला होरेशियसनं डेव्हनमधल्या टिव्हर्टनच्या गोल्फ मैदानावर उतरायचा प्रयत्न केला आणि ते मोडलं. १९ मार्च १९४० ला व्हिटचर्चला वादळ आलं. बाहेर बांधलेली हॅनो आणि हेराक्लीस एकमेकांवर आदळून निकामी झाली. हॅनिबल सोडून उरलेली तीन ब्रिटिश हवाई दलानं सरळ आपल्या नावावर घेतली. हॉर्सा, हॅड्रियन आणि हेलेना यांच्यावर ए. एस. ९८१, ९८२, ९८३ असे लष्करी क्रमांक पडले आणि ती डॉन्कास्टरच्या २७१ व्या स्क्वाड्रनकडे गेली. हॉर्सा ७ ऑगस्ट १९४० ला कंबरलंडमध्ये उतरावं लागून जळलं. हॅड्रियनला ६ डिसेंबर १९४० च्या वादळानं दोरांसकट उपटलं आणि विमानतळाला लागून असलेल्या रेल्वेरुळांवर उलटं टाकलं. हेलेना एकदा आदळून उतरल्यावर पुन्हा उडालं नाही. १९४१ मध्ये ते मोडीत काढलं आणि त्याचा पुढचा भाग नौदलाच्या एका तळावर कचेरी म्हणून वापरला.

आणि हॅनिबल? १ मार्च १९४० रोजी कराचीच्या पश्चिमेला असलेल्या जिवानीहून ते शारजाकडे निघालं. आत चार कर्मचारी, चार प्रवासी आणि टपाल. प्रवाशांत पहिल्या महायुद्धातले नामवंत लढाऊ वैमानिक हॅरॉल्ड व्हिसलर होते, आणि मद्रास इलाख्यातले जस्टिस पक्षाचे नेते सर ए. टी. पन्नीरसेल्वम होते. भारतमंत्र्यांचे सल्लागार म्हणून ते लंडनला निघाले होते. विमान ओमानच्या आखातावर नाहीसं झालं. शोध घेऊनही ना विमान मिळालं, ना माणसं, ना पिशव्या.

आजोबांचा जर्मन इथे उगवतो. पण १ मार्च १९४० ला त्या आखातापर्यंत पोचेल असं जर्मन लढाऊ विमान कुठल्याच तळावर नव्हतं. इटली युद्धात उतरलं ते १० जूनला, म्हणजे तीन महिन्यांनी. अपघाताचं कारण अखेरपर्यंत ठरलं नाही, पण आकाशात शत्रू नव्हता हे नक्की.

आजोबांना हे ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. कराचीच्या कचेरीत वर्तमानपत्रं येत, आणि इटली केव्हा उतरलं हे सॉर्टरलाच आधी कळे, कारण टपालाचे मार्ग बदलत. त्यांना अडचण होती ती पिशव्यांची. दर पिशवीला शिक्का मारून, वजन लिहून, सही घेऊन दिलेली. टपाल खात्यातल्या माणसाला पिशवी हरवल्याचं कारण द्यावंच लागतं, आणि 'शत्रूनं पाडलं' या कारणापुढे कुणी प्रश्न विचारत नाही. 'माहीत नाही' असा शेरा त्यांच्या हातून कधी पडलाच नसता.

आजीला कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं. तिनं विमान बाहेरून पाहिलं होतं, त्याचं उतरणं पाहिलं होतं, आणि वय जाणलं होतं. १९३८ पासून विलायती टपालाचा मुख्य भार शॉर्ट कंपनीच्या समुद्रावर उतरणाऱ्या नव्या विमानांवर गेला होता. एच. पी. ४२ ही मागे पडलेली यंत्रं होती. युद्ध नसतं तर त्यांना निवृत्ती मिळाली असती.

लढाईच्या इतिहासात स्पिटफायरला धडा मिळतो, ओझी वाहणाऱ्यांना तळटीप. म्हणून या ताफ्याचा हिशेब इथे सरळ मांडून ठेवतो. एक शांततेतल्या आगीत, तीन वादळांत, दोन उतरताना, एक आदळून आणि मोडीत, एक समुद्रावर बेपत्ता. युद्धानं सात विमानं सव्वा वर्षात संपवली, आणि त्यांतल्या एकाचंही श्रेय शत्रूकडे जात नाही. ज्यांनी ती हँगरबाहेर काढली, त्यांच्याच वहीत हा खर्च पडतो. मामांच्या भांडणात मी आजीच्या बाजूचा. आज जगातल्या कुठल्याही संग्रहालयात एच. पी. ४२ उभं नाही. आठांतलं एकही शिल्लक राहिलं नाही.